फळीवरचे जॉइंट

मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत बुधाजीने एकतीस वर्षं फिटरचं काम केलं. पंपाच्या आवाजावरून त्याला बेअरिंग गेल्याचं कळायचं. त्याने ‘बंद करा’ म्हटलं की मशीन बंद व्हायची, मग वरून साहेब काही का म्हणेना. खालापूरजवळच्या त्याच्या गावात तर लोक कुणाच्या कामाची तारीफ करायची झाली तर म्हणायचे, “बुधाजीच्या हातचं हाय वाटतं.”

त्याच्याकडे एक जुनी फियाट होती. कंपनीची कॉलनी सोडून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून त्याने ती हौसेने घेतली होती. दुधी रंगाची, गिअर स्टिअरिंगपाशी असलेली. गावातली बरीच लग्नं तिने पार पाडली. पण अकरा वर्षांपूर्वी ती एका वळणावर मोरीच्या कठड्यावर आदळली, आणि तेव्हापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. त्या दिवशी ती सहदेव चालवत होता. पारूबाईचा, म्हणजे बुधाजीच्या बायकोचा, धाकटा भाऊ.

सहदेव पोशीरचा. घरची भातशेती. गाडी चालवण्यात त्याचा हात बुधाजीपेक्षाही साफ. त्याची मुलगी नम्रता हिचा साखरपुडा ठरला होता, म्हणून बाजारहाट करायला त्याने दोन दिवस फियाट मागून नेली. कर्जतहून परतताना ते वळण आलं. गाडी सरळ गेली. सहदेवच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली, तरी पाय वाकला नाही तो नाहीच. चिखलात उभं राहणं संपलं. शेत दुसऱ्याला कसायला द्यावं लागलं.

गेल्या वर्षी बुधाजी निवृत्त झाला. घरात बसून दोन महिने काढल्यावर पारूबाई एकदा वैतागून म्हणाली, “एक तर ती गाडी चालू करा, नाय तर भंगारात द्या. लाकडं ठेवायला जागा तरी होईल.”

बुधाजीने ताडपत्री काढली. इंजीन धुवून, तेलपाणी करून आठ दिवसांत सुरू केलं. मग राहिलं स्टिअरिंग. पुढची बाजू जॅकवर उचलून त्याने खाली लाकडी ठोकळे सरकवले, चाकं काढली आणि पाठीवर पडून आत शिरला. स्टिअरिंग फिरवलं की दोन्ही चाकांना वळवणाऱ्या दांड्या असतात. त्यांच्या टोकांना गोळ्याचे जॉइंट असतात. ते झिजले की स्टिअरिंग हातात ढिलं लागतं. फार झिजले की गोळी तिच्या खोबणीतून बाहेर येते, मग हातातलं चाक फिरतं, रस्त्यावरचं फिरत नाही.

उजवीकडची गोळी बाहेर लोंबत होती. अकरा वर्षं तशीच.

डावीकडचा जॉइंट गंजून बसला होता. त्याने रॉकेल सोडलं, पिन काढली, नट सैल केला. मग पारूबाईला बोलावलं. “हा मोठा हातोडा इथं असाच दाबून धर. मी दुसऱ्या बाजूनं मारतो. हलू देऊ नको.” चौथ्या घावाला जॉइंट खळ्ळकन निसटला. तो उलटा फिरवून काढताना बुधाजी आटे मोजत होता. जितके आटे सुटले तितकेच नवा बसवताना घ्यायचे, नाहीतर चाकं एकमेकांकडे तोंड करून चालतात. “सोळा,” तो म्हणाला. “ध्यानात ठेव. आता तो फळीवरचा डबा दे.”

पारूबाईने डबा काढला. आत तेलकट कागदात नवे जॉइंट होते. रबरी टोप्या तेवढ्या तडकल्या होत्या, म्हणून त्याने खोपोलीहून नव्या आणल्या होत्या. ती डब्याकडे बघत राहिली.

“हा डबा तर नम्रताच्या साखरपुड्याच्या आधीपासून हितं हाय,” ती म्हणाली. “मी पसारा आवरताना हलवला होता. तुमी वरडला होता माझ्यावर, नवीन सामान हाय म्हणून.”

बुधाजी गाडीखालीच होता.

“अवो, तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

“मग गाडी कशी दिली त्याला?”

“वाटलं, अजून महिनाभर काढंल. रविवारी बदलणार होतो. त्यानं शुक्रवारी मागितली. बायकोच्या भावाला नाय कसं म्हणायचं?” थोडं थांबून तो म्हणाला, “कंपनीत असा जॉइंट असता ना पारू, तर मी कुणाला हात लावू दिला नसता.”

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि तेही त्याने तिथेच, चाकाच्या पोकळ जागेतून तिचे फक्त पाय दिसत असताना सांगितलं. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर सहदेवने त्याला विचारलं होतं, “दाजी, मी फिरवलं होतं स्टिअरिंग. का नव्हतं फिरवलं? मलाच समजंना झालंय.” आणि बुधाजी म्हणाला होता, “वळणावर येग जास्त झाला असंल रं. होतं असं.”

सहदेवने ते मानलं. पुढे जो भेटेल त्याला तो तेच सांगत राहिला, “माजीच चूक. जोरात घेतली.” त्यानंतर त्याने कुठलंच वाहन हातात घेतलं नाही. नातवाला घेऊन साधा रस्ता ओलांडायचा तरी तो दुसऱ्या कुणाला पुढे करायचा.

पारूबाईने डबा खाली ठेवला. “त्याला सांगून या,” एवढंच म्हणून ती आत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

बुधाजीने एकट्याने काम पुरं केलं. चारही जॉइंट बसवले, ग्रीस भरलं, नव्या पिना घातल्या, दोरी ताणून चाकांची रेघ सरळ केली. स्टिअरिंगला आता केसभरही ढिलाई नव्हती. काम इतकं चांगलं झालं होतं, आणि सगळं मिळून दीड दिवसाचं होतं.

पोशीरला तो बसने गेला. फियाट दारात नेऊन उभी करायची त्याची हिंमत झाली नाही. सहदेव ओसरीवर खुर्चीत होता. पाय समोर स्टुलावर ताठ. “या दाजी, जय भीम,” तो हसून म्हणाला. पाणी येण्याआधीच बुधाजीने सगळं सांगून टाकलं, कारण पाणी प्यायल्यावर आपल्याच्याने बोलवणार नाही, हे त्याला माहीत होतं.

सहदेवने आपल्या हातांकडे पाहिलं.

“मंजी मी फिरवलं होतं,” तो म्हणाला.

“फिरवलं होतंस.”

“मला आठवत होतं तसं. पण तुमी फिटर. तुमी बोललात, येग जास्त होता. मग म्हटलं, आपलंच चुकलं.” त्याचा आवाज चढला नाही. “गुडघ्याचं सोडा दाजी. जॉइंट कुणाच्या बी गाडीचा जाईल. पण अकरा वर्सं मी माझ्या हातावर इस्वास ठेवला नाय. ते तुमी एका शब्दानं थांबवलं असतं.”

“चुकलो रं.”

“हां,” सहदेव म्हणाला. “आता जा तुमी. ताईला मी फोन करीन.”

त्याने ताईला फोन केले, ते फक्त ताईला. दिवाळी गेली, तो आला नाही. माघ सरता सरता एका दुपारी नम्रताचा फोन आला. तिच्या नवऱ्याच्या बिनगिअरच्या गाडीत बाबा आपण होऊन पुढे बसले आणि नेरळपर्यंत चालवत गेले, असं ती रडत-हसत सांगत होती. उजवा पाय वाकत नाही, म्हणून डाव्याने ब्रेक दाबत, अगदी हळूहळू. मागचे हॉर्न मारत होते, तरी वेग वाढवला नाही म्हणे.

पारूबाईने फोन ठेवून बुधाजीला सगळं सांगितलं. त्याला पूर्वीचा सहदेव आठवला, कोपर खिडकीबाहेर काढून, गाणं म्हणत घाट उतरणारा.

“माझं काय विचारलं का त्यानं?” त्याने विचारलं.

“नाय,” पारूबाई म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला बसली.