प्रोविदेन्सियाच्या झालरी

कासियानो टोलेडोइतका हट्टी माणूस आख्ख्या आतियो गावात नाही, असं त्याची बायको प्रोविदेन्सिया सांगायची. आणि तीही काही कमी नव्हती. समुद्राचा खारा वारा झेलणाऱ्या कुरणावर त्याने जन्मभर गाई पोसल्या. गावातल्या निम्म्या लोकांचं पोट दुधावर होतं, पण याचा जीवच गोठ्यात. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो सकाळच्या धारा काढून मगच चर्चमध्ये पोचला, आणि नवऱ्या मुलीने सगळ्यांदेखत नाक मुरडलं.

प्रोविदेन्सिया वारली आणि घर मुकं झालं. वर्ष सरायच्या आत मोठं वादळ आलं, गोठ्याचं छप्पर उडालं, वीज गेली, टाकीतलं दूध नासलं. ते ओतून देताना एकुलता एक मुलगा नोएल बापाशेजारी उभा होता. नाताळाआधीच तो फ्लोरिडाला निघून गेला. "पापा, मुखवट्यांच्या दिवशी येत जाईन," असं म्हणाला खरा, पण एकदाही आला नाही.

जाताना त्याने आईच्या हातचा शेवटचा पोशाख तेवढा नेला. डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला आतियोतली पोरं अंगभर रंगीत झालरींचे पोशाख घालतात, तोंडावर रंगवलेली तारेची जाळी बांधतात आणि सजवलेल्या गाड्यांवरून वाडीवाडीत धुडगूस घालतात. जाळीआडून बोलायचं नाही. कोण आहे ते लोकांनी ओळखायचं आणि मुखवटा उतरायचा तो थेट चर्चपुढच्या चौकात. नोएलचा पोशाख हिरवा-नारिंगी होता. डाव्या खांद्यावर प्रोविदेन्सियाने स्वतःच्या लग्नाच्या झग्याची लेस लावली होती, गर्दीतही लेक ओळखू यावा म्हणून.

यंदा कासियानोच्या गुडघ्यांनी दगा दिला. गाई विकायचं ठरलं, आणि डोंगरातला व्यापारी लिसान्द्रो नेमका मुखवट्यांच्या दिवशी सकाळी ट्रक घेऊन हजर झाला.

"आजच्या दिवशी कुणी गाई नेतं का रे?"

"रस्ते बंद व्हायच्या आत न्यायच्या, डॉन कासियानो. नंतर तुमची ही माकडं ट्रकपुढे नाचतील."

ट्रकची फळी खाली पडली. पहिली गाय चढवणार, तेवढ्यात भोंगे वाजवत मुखवट्यांची गाडी वळणावर आली. फाटकापाशी मुखवटा घातलेला एक जण खाली उतरला. हिरवा-नारिंगी. कासियानोने डोळे बारीक केले. डाव्या खांद्यावर पांढरी लेस होती.

"फळी उचल, लिसान्द्रो. माझा मुलगा आलाय."

"अहो, तोंड तरी बघा आधी!"

"मुखवटा चौकात उतरतो. तुला डोंगरातल्याला काय कळणार?"

"मग मी दुसरीकडून जनावरं घेतो हं. मागाहून रडत येऊ नका."

"जा रे, जा!"

ट्रक रिकामा गेला. समोरच्या दारातून शेजारीण एउफेमिया बघत होती. कासियानो तिला ओरडून म्हणाला, "नोएल आला गं!" इतक्या वर्षांत त्याचा आवाज एवढा चढला नव्हता. एउफेमियाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि फाटकाशी येऊन उभी राहिली.

तो मुखवट्याला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला. "बोलू नकोस. रीत ती रीत, मीच बोलतो. छप्पर नवं घातलंय, बघ. वीज गेली तर म्हणून जनरेटर आणलाय. आता दूध ओतून द्यावं लागणार नाही. तुला वाटत असेल, बापाला गाईंपुढे मुलगा दिसत नाही. दिसायचा रे. सांगता यायचं नाही. ते काम तुझी आई करायची."

कानेला नावाची म्हातारी गाय दिसली, तसा तो हसला. "हिच्यापुढे कोपर धर. तू आलास की चाटायची ना!"

मुखवट्याने कोपर पुढे केलं. कानेलाने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"झालरींना बुजली," कासियानो घाईघाईने म्हणाला. "जाळीमुळे असेल. तू जरा..."

जाळीआड हुंदका फुटला. मुखवटा चेहऱ्यावरून उतरला. आत एफ्राईन होता, नोएलचा शाळेतला दोस्त, तोही फ्लोरिडालाच कामाला गेलेला.

"माफ करा, डॉन कासियानो. नोएलनेच दिला हा पोशाख. म्हणाला, पापांच्या दारावरून एकदा जाऊन ये. मुखवट्यांत आपल्या घरचं कुणीच नाही, असं त्यांना वाटायला नको. ट्रक निघाला तेव्हाच बोलायला हवं होतं मी. तुम्ही इतके हसत होतात..."

"तो येणार आहे का?"

"त्याने तिथे घर घेतलंय."

कासियानो पालथ्या बादलीवर बसला. कानेला त्याची बाही चाटू लागली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग उठून त्याने जाळी उचलली आणि एफ्राईनच्या हातात दिली.

"घाल."

"आता कशाला?"

"एउफेमिया फाटकात उभी आहे. माझा मुलगा आलाय म्हणून सांगून बसलोय मी. तो कसा निरोप घ्यायचा, ठाऊक आहे ना?"

"कसा?"

"उचलून घ्यायचा मला. आई ओरडायची त्याला."

फाटकापाशी मुखवट्याने म्हाताऱ्याला कवेत घेऊन उचललं. कासियानोचे बूट जमिनीवरून सुटले, तोंड खांद्यावरच्या लेसमध्ये रुतलं आणि तो मोठ्याने रडू लागला.

एउफेमिया टाळ्या पिटत होती. "रडा, डॉन कासियानो, खुशाल रडा! पोर घरी आल्यावर नाही रडायचं, तर कधी रडायचं?"