पांड्याच्या लग्नाला बाया आल्या

सांगा बघू, शेवटी भुर्दंड कोनाला पडला? नाय सांगता येनार. पनवेलच्या स्टँडवर कितीतरी जनांनी चहाची पैज लावली माझ्याशी, सगळे हरले. तुमी पन हरनार. ऐका तरी.

बेंजो पार्टीतले किस्से म्हंजे सुकी मासळी. एक डब्यातनं काढला का सगळ्या घरभर वास, आनि मग बाकीचे पन काढावेच लागतात. आमची पार्टी सहा जनांची. धना बेंजो वाजवायचा आनि गायचा पन. नाझीमचा ऑर्गन. पांड्याचा ढोल. मी खुळखुळा हलवायचो, कारन त्यात चुकायला काय नसतं. आनखी दोघं होते, पन त्यांना काय झालं नाय म्हनून त्यांचं काय सांगत नाय. मोबाईलचं इनकमिंग नुकतंच फुकट झालेलं तेव्हाची गोष्ट.

त्या साली पांड्याचं लगीन ठरलेलं. उरनच्या बाजूची पोरगी, देखनी. त्याचं आधी दोनदा मोडलेलं. एकदा मुलीकडच्यांनी ढोल ऐकला, एकदा पांड्याला बघितला. ही तिसरी वेळ. नवऱ्या मुलीचा बाप कडक मानूस. तो बोलला, "तारीख एकदाच धरनार. तुमच्याकडनं हुकली तर मी दुसरं स्थळ बघीन."

आनि तेवढ्यात आमच्यात बाया शिरल्या.

आमच्याकडं कांजन्यांना बाया बोलतात. देवीच ती, पाहुनी म्हनून घरात येते. ती हाय तोवर फोडनी नाय, मटन नाय, वाजवायचं नाय, हळद तर नायच नाय. म्हंजे पांड्याला एक फोड जरी आला, तरी बायको गेली.

*

पहिला धना लागला.

ओवे गावात एका हळदीत वाजवताना त्याला ताप भरला. अंगावर दोन-चार पुरळ. बोलला, "मच्छर चावलं." सकाळी बघतो तर मच्छर तोंडावर, पाठीवर, जिभेवर पन चावलेलं.

त्याच्या आईनं कडुलिंबाचा पाला दाराला बांधला, हात जोडले. मी धनाच्या कानात बोललो, "येड्या, आता तू देवी हायस. मागशील ते द्यावं लागनार. माग."

धनानं कलिंगड मागितलं, आलं. नवा पंखा मागितला, आला. आई पाया पडून द्यायची. मग ह्याचं धाडस वाढलं. एक दिवस घुमल्यासारखं करून बोलला, "मला तळलेलं पापलेट पायजे."

आईनं हात जोडले तसेच ठेवले. बोलली, "माते, तू तळलेलं खात नायस. हे माझं मेलं मागतंय. त्याला सांग, खपल्या पडू दे, मग तुला देते पापलेट."

*

मी धनाला डॉक्टर मॅडमकडं नेला. मॅडमनी लांबूनच बघितला, तोंडाला फडकं बांधायला लावलं.

"कांजण्या आहेत. नखं कापा, खाजवायचं नाही. टॉवेल, अंथरूण वेगळं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत खोलीबाहेर यायचं नाही. तापाला मी देते तीच गोळी, दुकानातली भलती नको. आणि हे नुसतं शिवल्यानं नाही, श्वासातूनसुद्धा पसरतं. अंगावर काही दिसायच्या आधी एक-दोन दिवसांपासून. याच्या जवळ कोण कोण होतं?"

मी बोललो, "मॅडम, सहा जन. एका टेम्पोत."

"किती वेळ?"

"लग्नसराई हाय मॅडम. आमी टेम्पोतच ऱ्हातो."

"आणि गातं कोण?"

"धनाच. पन माईक एकच हाय. दुसरा गायला लागला का त्याच्या तोंडाला देतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बोलल्या, "म्हणजे तुम्ही हळदीला वाजवत नाही. वाटत फिरताय."

*

मग सगळ्यांना विचारलं, लहानपनी झालेल्या का. माझ्या झालेल्या, तोंडावर वन हायत अजून. मॅडम बोलल्या, "मग तुम्हाला बहुतेक परत होणार नाहीत. रुग्णाचं तुम्ही बघा." तवापासनं पार्टीचा नर्स मी.

पांड्याला काय म्हाईत नव्हतं. आईला विचारायला गेलो. ती बोलली, "चार पोरं माझी. एकाला गोवर झाला, एकाला बाया आल्या, एक विहिरीत पडला. ह्यातला पांड्या कुठचा, आता नाय आठवत."

पांड्या बोलला, "आई, विहिरीतला मी."

"मग बाया तुला नाय."

मॅडम बोलल्या, लस घ्या, लवकर घेतली तर वाचाल. पांड्या म्हंजे केवढा. ढोल गळ्यात असला तर ढोल बारीक दिसतो. त्याची बाही वर केली, नर्स बाईनं दंड पुसला, आनि हा धाडकन खाली. टेबल पन घेऊन गेला.

उठला तेव्हा मला विचारतो, "तात्या, लय खोल गेली का सुई?"

नर्स बाई बोलली, "अजून कापूसच लावलाय."

*

लस घेतली तरी मॅडमनी बजावलं, बाकीच्यांपासून लांब ऱ्हा, अजून कोन-कोन निघतील सांगता येत नाय. पांड्यानं ते असं पाळलं का विचारू नका. टेम्पोत बसेना. सायकलनं मागनं यायचा. पानी घरनं आनायचा. मी जवळ गेलो का ढोल मधे धरायचा.

एका हळदीत तर तो मांडवातच येईना. शेजारच्या गच्चीवर जाऊन उभा राह्यला, तिथनं ढोल बडवला. आमी खाली, ढोल वर. ढोलाचा ठेका आमच्यापर्यंत यायला जरा उशीर व्हायचा. अर्धी मान्सं आमच्यावर नाचायची, अर्धी पांड्यावर. नवऱ्याच्या दोन मावश्या एकमेकींवर आदळल्या. मी बोललो, गेली आपली सुपारी.

नवऱ्याचा आजा उठून आला. माझा हात धरून बोलला, "पोरांनो, खूप पार्ट्या बघितल्या, पन तुमच्यासारखा एको कोनाचा नाय."

*

दुसरा नाझीम लागला.

त्याच्या अम्मीनं त्याला आतल्या खोलीत ठेवला. गुलाबी औषध फासलेलं, निस्ता बर्फाचा गोळा दिसायचा. खाजवायचा थांबेना. अम्मी मला बोलली, "तात्या, तुमीच समजवा हो त्याला. या अल्ला, पाठ सोलून काढली त्यानं." शेवटी तिनं त्याच्या दोनी हातांत मोजे घातले, मनगटाला दोरी बांधली.

नाझीमला करमेना. बोलला, "तात्या, ऑर्गन द्या, प्रॅक्टिस तरी करतो." मी दिला. बटन दाबायला मोजे काढायला लागतात म्हनून त्यानं चालूच नाय केला. तसाच वाजवत बसला, डोळे मिटून, मान डोलवत.

अम्मीनं विचारलं, "कसं वाजवतो?"

मी बोललो, "खाला, आज पहिल्यांदा कुठं चुकला नाय."

*

आता शेवटचा.

धना बरा झाला, नाझीमच्या खपल्या पडल्या. पांड्याच्या अंगावर एक फोड नाय. हळद परवावर आलेली. पांड्या एवढा खूश, का त्यानं सासऱ्याला निरोप धाडलेला, "तुमच्याकडं हळद दळायला बाया आल्या का मला फोन करा. माझ्यातर्फे बेंजो धाडतो. फुकट."

दुसऱ्या दिवशी पांड्याच्या दारात आमी स्पीकर चेक करत होतो, आनि फोन वाजला. सासरा. पांड्यानं एका कानात बोट घातलं.

"जावईबापू, घरात बाया आल्या."

"आल्या का? बरं झालं. त्यांना बसवा, चहापानी करा."

सासरा बोलला, "अहो, खूप आल्यात. पोरीच्या अंगभर आल्यात."

"अंगनभर? मग आत्ताच पार्टी धाडतो."

फोन ठेवला आनि आमाला बोलला, "पळा. अंगनभर बाया जमल्यात. एवढं वाजवा का गाव उठलं पायजे."

आमी उठवलं. टेम्पो पोरीच्या दारात लावला, धनानं बेंजो छेडला, ढोलावर पांड्याच्या जागी आमचाच एक होता, मी खुळखुळा असा हलवला का खांदा निखळायचा राह्यला. अंगनात एक पन बाई नाय. दाराला निस्ता कडुलिंब. मला कडुलिंब दिसला, पन धनाला दिसला नाय, तो डोळे मिटून गातो.

पोरीची आई बाहेर आली. केस मोकळे, हातात पाल्याची डहाळी. धनानं डोळे उघडले, गानं बंद केलं.

"कोनी धाडलं?"

मी बोललो, "जावयांनी. बोलले, बायांसमोर वाजवा."

आतनं पोरीचा बाप आला. नंतर कळलं, पोरीच्या ब्लाऊजचं माप आनायला पांड्यानं धनालाच धाडलेला, तापाच्या आदल्या दिवशी. म्हंजे बाया आमच्याकडनंच तिथं पोचलेल्या. पन तेव्हा बापाला कसलं काय म्हाईत. तो बोलला, "पोरगी आत तापानं फनफनते, आनि हा देवीची टिंगल करतो. मोडलं लगीन. सांगा त्याला."

टेम्पोत सामान चढवायला लागलो. तवढ्यात ओटीवर बसलेली पोरीची म्हातारी आत्या डुलायला लागली. आधी मान, मग खांदे, मग उठूनच उभी. अंगात आलं. सगळ्यांनी हात जोडले, बापानं पन.

"मला कोन वाजत-गाजत भेटायला आलं नव्हतं," आत्या घुमली. "ह्यो पहिला. लगीन मोडायचं नाय. माझी बोळवन झाली का लावा."

बाप जमिनीवर बसला. "माते, चुकलं. पन त्यानं तुझा खेळ केला, त्याचं काय?"

आत्यानं डोळे गरगर फिरवले. "त्याला शिक्षा. ह्या घरात जावयानं मटन खायचं नाय. मी परत येऊन सोडवीन तोवर."

खपल्या पडल्या, पोरीला न्हाऊ घातलं, लगीन लागलं. पोरगी छान बरी झाली, आता दोन पोरं हायत तिला.

पांड्या दर सनाला सासरी जातो. सगळ्यांच्या पानात मटनाचा रस्सा, भाकरी, ह्याच्या पानात दहीभात. समोर आत्या बसते. मागच्या वेळी त्यानं हात जोडून विचारलं, "आत्याबाय, परत कधी येनार ती?"

आत्यानं नळी फोडली, आतलं ओढून घेतलं, आनि बोलली, "काय म्हाईत बाबा. त्या दिवसापासनं माझ्या अंगात आलंच नाय."