गव्हाणीपुढचं गवत

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटी माझ्याशिवायच सुटली. दोष ड्रायव्हरचा नाही, आमच्या पाळकसाहेबांच्या प्रार्थनेचा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या फाट्यावर, बॅग आत ठेवून, मी निरोपाच्या प्रार्थनेसाठी खाली उतरलो. सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी आरोग्य मागितलं, बढती मागितली, मुंबईच्या मोहांपासून रक्षण मागितलं आणि ते मोह एकेक करून मोजून दाखवले. त्यातले निम्मे मला माहीत नव्हते, म्हणून मी अगदी लक्ष देऊन ऐकलं. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले, तर समोर नुसती धूळ. दादाने मोटरसायकलवर घालून पाठलाग केला आणि पुढच्या थांब्यावर मला बसमध्ये कोंबलं. आईचं रडायचं राहूनच गेलं. हसता हसता तिला ठसका लागला होता.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गावी राहिलेले तुम्ही सगळे दर डिसेंबरात विचारता, मुंबईचा नाताळ कसा असतो रे? पुण्याला, दुबईला गेलेले मात्र विचारत नाहीत. परक्या गावातला पहिला नाताळ कसा जातो, हे त्यांना ठाऊक आहे. तर माझ्या पहिल्या नाताळाची गोष्ट एकदा लिहूनच टाकतो.

ऑफिस पवईला, म्हणून खोली घेतली मरोळच्या गावठाणात, रेजिना आंटींच्या घरी वरच्या मजल्यावर. आंटी कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. घरात मराठी बोलायच्या, पण चाल वेगळी. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, तिथे आता काचेच्या इमारती आहेत. खोली दाखवताना त्यांनी विचारलं, “गावाला काय करतात?” मी छाती काढून म्हणालो, “शेती.” आंटींचा चेहरा असा खुलला की, शेती म्हणजे अर्धा एकर, तीही काका करतात, आणि मी मास्तरांचा मुलगा असून हातात कधी खुरपंही धरलेलं नाही, हा तपशील मी गिळून टाकला.

तो डिसेंबरात वर आला.

आपल्याकडे नाताळ म्हणजे हलगीवर गाणी म्हणत फिरायचं, करंज्या, शंकरपाळे, सकाळची उपासना. गव्हाण होती ती फक्त शुभवर्तमानात. इथे घरोघर गव्हाण मांडतात, म्हणजे बाळ येशू, मेंढपाळ, मेंढ्या अशा मूर्तींचा देखावा, आणि तिच्यापुढचं कुरण खरं असतं. दहा-बारा दिवस आधी ताटांत माती घालून नाचणी पेरायची. नाताळापर्यंत बोटभर हिरवंगार गवत उभं राहतं. आंटींचं त्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणाल्या, “मला काय ते जिने चढवत नाय. या वर्षी तूच पेर. शेतकऱ्याचा हात आहे, माझ्यापेक्षा बरं येईल.” वर हेही सांगितलं, की मिस्टर गेल्यापासून एकाही नाताळाला त्यांची गव्हाण उघडी-बोडकी राहिलेली नाही.

मी पवईच्या एका चकचकीत दुकानातून नाचणी आणली. चांगली महागाची, सोनेरी पाकिटातली. गच्चीवर ताटं मांडली, ओलं फडकं घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. चौथ्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी वास. आंटी खालून विचारायच्या, “आलं काय रे?” मी म्हणायचो, “मुळं धरतायत, आंटी!” आठव्या दिवशी मी गुडघे टेकले. आधी अदबीने, मग घासाघीस करत: प्रभू, तू पाण्याचा द्राक्षारस केलास, पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलंस, इथे तर फक्त चार ताटांचा प्रश्न आहे. आंटींना सांगावं असं मनात यायचं, पण माझ्या वडिलांनी, बापूंनी, लहानपणापासून बजावलेलं, “आपली अडचण घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं नाही.” शिवाय खोटं उघडं पडणार, आणि त्या घरातली चहाच्या वेळेची माझी खुर्ची जाणार. मुंबईत तेवढी एकच खुर्ची माझी होती.

तेवीस तारखेला दुपारी निरोप आला, उद्या कॅरोल गाणारे आंटींच्या अंगणात येणार. मी चारही ताटं खाली आणून टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“माती.”

“ते दिसतंय मला. गवत कुठाय?”

मग मी सगळं सांगून टाकलं. अर्धा एकर, काका, मास्तर, खुरपं. आंटींनी पाकीट मागितलं, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, “भाजलेली नाचणी. दुधात घालून खा.” माझ्याकडे बघितलं. “भाजलेलं पेरलंस? उद्या पोहे पेरशील, भात येईल म्हणून!”

“आंटी, मी रोज प्रार्थना करत होतो हो.”

इथे त्या खऱ्या चिडल्या. “देवाला सांगितलंस! आणि मी खाली किचनमध्ये बसलेली, मला सांगायला काय झालं? मला त्याने इथे काय शोभेला ठेवलंय?”

लंगडत जाऊन त्यांनी खिडकी उघडली. “फिलूऽऽ! गवत उरलंय काय गं?”

समोरच्या फिलोमिना आंटी ओरडल्या, “किती पायजे?”

“चार ताटं! आमच्या शेतकऱ्याने वाट लावलीय!”

अर्ध्या तासात सात ताटं आली आणि प्रत्येक ताटाबरोबर एक टोमणा. फिलूआंटी म्हणाल्या, “अरे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बघायचं ना!” कुणाची नाचणी, कुणाचा गहू; गव्हाणीपुढे मांडली, तर कुठे मेंढ्या पोटापर्यंत बुडाल्या, कुठे मेंढपाळाचं फक्त डोकं दिसत होतं. चोवीसला कॅरोलवाले आले, तेव्हा आंटींनी ऐटीत सांगितलं, “ही आमच्या अख्ख्या गल्लीची शेती,” आणि मला चहाला बसवलं. त्याच खुर्चीत.

आता दहिसरला स्वतःचा फ्लॅट आहे, बायको आहे, लिफ्ट आहे. फॉर्मवर कायमचा पत्ता अजून गावाचाच लिहितो. पण मुंबईत घर कधी झालं म्हणाल, तर गव्हाण मांडून झाल्यावर त्या तेवीस तारखेच्या संध्याकाळी आईला फोन केला, तेव्हा. आईने हळूच विचारलं, “कुणी ओळखतं का रे तुला तिथं?”

म्हटलं, “आजपासून सगळी गल्ली ओळखते, आई. मला काही येत नाही, हे सगळ्यांना कळलंय.”

“अगंबाई,” आईने सुस्कारा सोडला, “मग आता काळजी नाही.”