वायसरमामा वाचायला उभे राहिले
नळ गळू दे, टाकी वाहू दे, नाहीतर मोरी तुंबू दे, कुणाच्याही घरात पाऊल टाकलं, की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत ते सांगून टाकत, "वायसर गेला असेल." दहातल्या सात वेळा तो खरंच गेलेला असे. उरलेल्या तीन वेळा कुणी लक्षात ठेवल्या नाहीत, आणि त्या प्लंबरचं नाव वायसरमामा पडलं ते कायमचं. त्यांच्या बायकोला मग आपोआपच सगळे मामी म्हणू लागले. मामी रुग्णालयात परिचारिका होत्या. वॉर्डात त्यांचा शब्द डॉक्टरही मोडत नसत, तिथे घरात मामांची काय कथा.

त्यामुळे चर्चच्या मंडळीने जेव्हा यात्रा काढायची ठरवली, तेव्हा मामींनी आधी दोघांची नावं दिली आणि मग घरी येऊन सांगितलं. सोळा दिवस, थोडं बसने, थोडं बोटीने. प्रेषित जिथे जिथे उतरले आणि पहिले ख्रिस्ती लोक जिथे जमत, त्या जागा बघायच्या होत्या.

"मी येऊन काय करू?" मामा म्हणाले. "तिथलं सगळं पडलेलं आहे म्हणतात."

"पडलेलंच बघायला जायचंय. तुम्हाला दुरुस्तीला कुणी नेत नाहीये."

मामांची तशी हरकत नव्हती. घोर लागला तो चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, कार्यक्रमाचा कागद वाटला तेव्हा. प्रत्येक ठिकाणी एकाने उभं राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा होता, आणि नवव्या दिवसासमोर मामांचं नाव होतं. स्वतःचं नाव तेवढं मामा लांबूनही ओळखत.

चौथीत असताना वडील गेले, आणि पुढच्याच आठवड्यात मामा दप्तर ठेवून काकांच्या मागे पाइप उचलायला लागले होते. मापं, आकडे, कुठल्या जोडाला कुठला आटा, सगळं तोंडपाठ. पण सलग ओळ वाचायची म्हणजे एकेक अक्षर बोटाने पुढे ढकलावं लागे, आणि जोडाक्षर आलं की गाडी अडली. मामींना हे लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं होतं. त्यांनी ते आजवर तिसऱ्या कानाला कळू दिलं नव्हतं. चर्चमध्ये वाचनाची पाळी आली, की मामा नेमके गच्चीवरच्या टाकीत उतरलेले असायचे. असं पस्तीस वर्षं चाललं. लोकांना वाटे, केवढा हा सेवाभाव. लोकांचंही चुकत नव्हतं. टाकी खरोखरच लख्ख असायची.

"तुमच्याऐवजी मी वाचते," मामी म्हणाल्या. "घसा बसलाय म्हणून सांगू."

"नऊ दिवस आधीच?"

"ते माझ्यावर सोडा. कुणाचा घसा कधी बसवायचा ते मला कळतं."

यात्रा सुरू झाली. बावीस जण होते. गाईडबाई बोलायच्या, पाळकसाहेब ते आपल्या भाषेत सांगायचे, आणि सगळ्यांच्या माना वर व्हायच्या: कमानीकडे, खांबांकडे, भिंतीवर पुसट झालेल्या चित्राकडे. मामांची मान तेवढी खाली. एका जुन्या घरात, जिथे म्हणे पहिली मंडळी दार लावून प्रार्थनेला जमायची, मामा मागच्या अंगाला मोरीपाशी उकिडवे बसलेले सापडले.

"ढाळ बघ," ते मामींना म्हणाले. "पातळी बघायला पाणसळ नव्हती की काही नव्हतं. नुसत्या नजरेने काढलाय."

"अहो, तिकडे सगळे भिंतीवरचा क्रूस बघतायत."

"तो त्यांना दिसतोय की. हे कुणीच बघत नाहीये."

पण बसमध्ये परत बसले की मामांना नववा दिवस आठवे. यात्रेत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि त्या एका शब्दातच पन्नाशीची माणसं ताठ बसत. तिसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानदाराने शास्त्रपाठ वाचला, तेव्हा बाईंनी त्याला मध्येच थांबवून एक ओळ तीनदा वाचायला लावली होती. पाळकसाहेबांनी खाली बघत खोकल्याचं सोंग केलं. मामांनी मनातल्या मनात दिवस मोजले. सहा उरले होते.

सातव्या दिवशी सकाळी बोट सुटली. अशाच पाण्यात प्रेषिताचं जहाज कसं फुटलं, हे पाळकसाहेबांनी मोठ्या रंगात येऊन सांगायला घेतलं. तासाभरात वारा सुटला आणि ते ऐकायच्या स्थितीत कुणीच राहिलं नाही, सांगणारेही नाहीत. ते तोंडाशी पिशवी धरून बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उलट्या काढलेल्या मामी डोळे मिटून आडव्या पडल्या आणि म्हणाल्या, "माझ्याशी कुणी बोलू नका."

मामांना काही झालं नाही. जन्म शिडीवर गेलेला, त्यांना हलणाऱ्या जमिनीचं काय कौतुक. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि एका बाकावरून दुसऱ्या बाकावर पाणी, ओले रुमाल, लिंबाच्या फोडी, कोरडी बिस्किटं असं करत फिरत राहिले. भरलेल्या पिशव्या उचलल्या, नव्या दिल्या. बोटीवरचं बेसिन तुंबलं, तेही हात घालून मोकळं केलं. मुख्याध्यापिका बाई एका कोपऱ्यात जमिनीवरच बसल्या होत्या, चष्मा घाणीत पडलेला. मामांनी तो धुऊन, पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"बाई, लांब ती रेघ दिसते ना, आभाळ टेकलंय तिथली? तिच्याकडे बघत राहा. बोट हलते, ती हलत नाही."

बाई मुकाट्याने बघत राहिल्या. पाच तास त्यांनी दुसरीकडे मान वळवली नाही.

नवव्या दिवशी बस एका टेकडीखाली थांबली. वर प्रार्थनामंदिराच्या कमरेएवढ्या भिंती उरल्या होत्या, आणि मध्ये बाप्तिस्म्याचं कुंड. दगडी, क्रूसाच्या आकाराचं. एका बाजूने तीन पायऱ्या उतरायच्या, दुसऱ्या बाजूने तीन चढायच्या. पाणी घागरींनी आणून ओतत असावेत, असं गाईडबाई म्हणाल्या. मामींनी घसा खाकरून पुस्तक हातात घेतलं. मामा मात्र कुंडाच्या काठावर पालथे पडून आत बघत होते.

"गाईडबाईंना विचारा," ते पाळकसाहेबांना म्हणाले, "घागरींनी ओतत होते, तर हे काय?"

काठाच्या आत, मातीने भरलेलं एक गोल तोंड होतं. भाजलेल्या मातीचा नळ. मामा उठले आणि भिंतीबाहेर चढाच्या दिशेने निघाले, जमिनीकडे बघत, पावलं मोजत. पंचविसाव्या पावलावर झुडपात त्यांना दुसरा तुकडा सापडला, आणि त्याच्या वर दगडी टाकीचा कोपरा. गाईडबाई त्यांच्या मागे धावल्या. बारा वर्षं त्या माणसं घेऊन इथे येत होत्या, पण त्या झुडपात त्या कधी शिरल्या नव्हत्या. परत आल्यावर मामांनी कुंडाच्या तळातलं भोक दाखवलं आणि बाटलीतलं पाणी ओतू का म्हणून विचारलं. थोडं ओता, गाईडबाई म्हणाल्या. पाणी भोकापाशी गेलं आणि तिथेच थांबलं.

"चोकअप आहे," मामा म्हणाले. "बरेच दिवस झालेले दिसतात."

"दीड हजार वर्षं," पाळकसाहेब म्हणाले.

"मग बरोबर."

सगळे हसले. हसणं थांबल्यावर पाळकसाहेबांनी कागद बघून मामांचं नाव घेतलं. मामी पुढे झाल्या, तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी त्यांच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं.

"मी आधी दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. हाताची माती अजून तशीच होती. "या पाण्यात पुष्कळ माणसं उतरली असतील. पण ते पाणी इथवर आणणारा कुणीतरी एक होता. त्याने हे नळ गुडघ्यावर बसून जोडलेत. सांध्यात चुना भरलाय, तो बोटाने सारखा केलेला आहे, बोटाचा माग अजून लागतो हाताला. आणि ढाळ अगदी बेताचा. पाणी धो धो आलं असतं तर प्रार्थना कुणाला ऐकू आली नसती. हे त्याला कुणी सांगितलं नसणार, त्याचं त्यालाच सुचलं असणार." त्यांनी पुस्तक उघडलं. "त्याला वाचता येत होतं का, ते काही मला माहीत नाही. मला नीट येत नाही. तर जरा वेळ लागेल."

आणि ते वाचायला लागले. तुरुंगाच्या रखवालदाराची गोष्ट होती. ज्यांना कोंडायचं त्यांच्याच जखमा धुणारा, आणि मग घरच्या सगळ्यांसह स्वतः बाप्तिस्मा घेणारा. बोट ओळीवरून सरकत होतं. प्रत्येक शब्द आधी ओठांत जुळायचा, मग बाहेर पडायचा. 'बाप्तिस्मा'पाशी येऊन मामा अडले. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा मध्येच थांबले. सगळ्यांना पाठीमागे बाई उभ्या आहेत हे आठवलं. बाईंचे ओठ हलले, पण त्यांनी आवाज काढला नाही. तिसऱ्यांदा शब्द आला, सबंध, आणि मामा पुढच्या ओळीवर गेले. तोवर दुसऱ्या बसची माणसं भिंतीबाहेर बांधलेल्या दोरीपाशी येऊन थांबली होती. त्यांना भाषा कळत नव्हती, तरी त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या.

टेकडी उतरताना मामी चार पावलं पुढेच चालत होत्या. एवढी वर्षं जपलेलं गुपित आपल्याला न विचारता वाटून टाकलं, याचा त्यांना थोडा रागच आला होता. अभिमानही होता, पण तो रागाच्या खाली.

"मला आधी सांगायचं तरी," त्या शेवटी म्हणाल्या.

"मलाच कुठे माहीत होतं?"

संध्याकाळी जेवताना बाई मामांच्या शेजारी येऊन बसल्या.

"बाप्तिस्मा बरोबर वाचलात."

"दोनदा अडलो, बाई."

"अडलात. चुकला नाहीत. औषधवाला न अडता चुकत होता." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "उद्यापासून बसमध्ये माझ्या शेजारी बसा. अर्धा तास."

मामा बसले. यात्रा संपली तरी ते थांबलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कामावरून परतताना ते बाईंच्या घरी जातात. बाई कडक आहेत, मामाही चिवट आहेत. आता ते वर्तमानपत्राचं एक पान संपवतात. त्याला सबंध संध्याकाळ लागते, आणि मग त्यातलं सगळं मामींना जेवताना ऐकावं लागतं.

लेक सासरहून आली तेव्हा तिने यात्रेचे फोटो मागितले. मामांनी फोन तिच्या हातात दिला. ती एकेक सरकवत गेली: नळ, मोरी, टाकी, गटाराचं तोंड, पुन्हा नळ.

"बाबा, आई कुठे आहे?"

"आहे की. तीन फोटोंत आहे."

"त्यातल्या दोन फोटोंत," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "टाकी किती उंच आहे ते कळावं म्हणून उभं केलंय मला."

"आणि तिसऱ्यात?"

मामा जरा लाजले. तिसऱ्या फोटोत मामी बोटीच्या बाकावर झोपल्या होत्या, समुद्र शांत झाल्यानंतर, आणि त्यांच्या अंगावर मामांचा कोट होता.