उंबराची सोयरीक

जे ऐकत नाहीत त्यांच्यापासून विद्येला काही धोका नसतो. धोका असतो तो मन लावून ऐकणाऱ्यांपासून. आणि अकोटापासून अमरावतीपर्यंतच्या साऱ्या वऱ्हाडात माझ्या विद्येचा एक शब्दही वाया जाऊ न देणारा एकच माणूस झाला, तो म्हणजे माझे मोठेबाबा. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून घर त्यांचे, शेत त्यांचे आणि मीही त्यांचाच. आमच्या घराण्यात माझ्याआधी सही करणारा कोणी झाला नव्हता, सारे अंगठेवाले. मी एकदम मुंबईला जाऊन बी.ए. होऊन आलो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या गावचे लोक ते मुद्दाम विसरतात. त्यांना आठवते ते एवढेच की, मोठेबाबांचे डोके फिरले ते या पोराच्या शिकण्यापायी. साफ खोटे आहे. डोके फिरलेले नव्हतेच. ते फार सरळ चालत असे, आणि वाटेत विहीर आली तरी सरळच चालत असे, हीच तर तक्रार आहे.

तो काळ कापसाचा. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडे आमच्या काळ्या मातीला असे दिवस आले की, लोकांनी अंगणातली तुळस तेवढी सोडून जिथे जागा दिसेल तिथे सरकी टोबली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. अशा दिवसांत सुट्टीत घरी आलो असता एका दुपारी ओट्यावर बसून मी मोठेबाबांना सांगितले की, विलायतेतले पंडित झाडांची आणि जनावरांची घराणी लावतात. रंग पाहत नाहीत, उंची पाहत नाहीत, माणसाच्या काय कामाचे तेही पाहत नाहीत. फूल उघडतात, पाकळ्या कशा, केसर कसे, बी कुठे बसले आहे ते पाहतात. ज्यांच्या पुष्कळ खुणा जुळतात ती एका घराण्यातली. उदाहरण म्हणून कापसाचे फूल आणि भेंडीचे फूल आणून शेजारी ठेवले. तीच पिवळी वाटी, तळाशी तोच तांबडा डाग, मधोमध तोच केसरांचा दांडा.

मोठेबाबा कितीतरी वेळ एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हात् लेका! हे तं सख्खे भाऊ व्हय!"

"चुलत," मी म्हणालो. शास्त्रात ढिलाई मला चालत नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या पागोट्यात बाभळीचा एक लांब काटा कायमचा खोवलेला असे. दिसेल ते फूल त्या काट्याने चिरायचे, आत डोकवायचे आणि सोयरे हुडकायचे. इथवर माझी काही हरकत नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी ताटात भेंडी पाहून त्यांनी हात आखडला. "कापसानं आपल्याले पोसलं, अन् त्याच्या भावाले मी तेलात तळून खाऊ काय?" मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, बोलायला कोणाला भीत नसे. ती म्हणाली, "तुमच्या भावानं जलमभर भेंडी खाल्ली. तो काय खुनी होता काय?" मी मध्ये पडलो. म्हटले, मोठेबाबा, हे घराणे वगैरे नुसते समजण्यासाठी असते, पाळण्यासाठी नसते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मुंबईला जाऊन मी काहीतरी वाईट शिकून आलो आहे. म्हणाले, "समजून मंग पाळाचं नाई, तं समजाचं कायले?"

मुंबईच्या कॉलेजात हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

पाटलाच्या घरी बारशाची पंगत होती. वांग्याची भाजी वाढून झाली, लोक पहिला घास उचलणार, तोच मोठेबाबा आपल्या पाटावरून मोठ्या प्रेमाने म्हणाले, "जेवा, जेवा, भिऊ नोका. हे धोतऱ्याचं चुलत भावंड व्हय. पन याच्या आंगात जहर नाई." आणि थोडे थांबून, खोटे बोलू नये म्हणून, "म्हंजे... लय नाई." सारी पंगत घास हातात धरून बसली. पाटलाने त्यानंतर कितीतरी दिवस रामराम घेतला नाही. कोणाचा? माझा! मोठेबाबांशी कोण वाकडे घेणार? ते गावात सर्वांचे लाडके. वांग्याची सोयरीक धोतऱ्याशी मी जुळवून आणली होती काय?

मारुतीच्या देवळात वटवाघळे फार झाली, तेव्हा गावाने त्यांना धूर करून हाकलायचे ठरवले. मोठेबाबा देवळाच्या दारात आडवे बसले. "पाखरू अंडं देते. हे पिल्लाले दूध पाजते. दूध पाजते ते गाईच्या पंगतीतलं. गाईले धुरानं हाकलता काय रे तुमी देवळातून?" गर्दीतून एक जण म्हणाला, "गाय उलटी टांगून घेते काय जी सोताले?" मोठेबाबा म्हणाले, "तुहा बाप भुईवर झोपे, तू बाजेवर झोपतं. मंग तू त्याचा पोरगा नाई काय? झोपाची रीत पाहाची नाई बाप्पा, आंग पाहाचं." लोक हसले आणि शेणकुटे विझवून घरी गेले. वटवाघळे राहिली. देवळात पाय ठेवला की जो वास येतो, त्याला आमच्या गावी आजही बीएचा वास म्हणतात. मी हे विसरलेलो नाही.

अमरावतीच्या बाजारातही तेच. दारात कापसाच्या गाड्या उभ्या, व्यापारी भाव सांगतो आहे, आणि मोठेबाबा त्याच्या वाड्याबाहेरची जास्वंद काट्याने चिरून त्याला दाखवताहेत: "हे पाह्य शेठ, हा बी कापूसच व्हय. तुह्या दारात उभा हाय अन् तुले पत्ता नाई." शेठ माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सच बात है क्या?" आणि माझी पंचाईत अशी की, बात सच होती. दर वेळी सचच असे! खोटे असते तर मी त्यांना खोडून काढले नसते काय?

हे सारे मी सोसले. पण त्यांनी माझ्या लग्नात जे केले, ते आठवले की आजही माझे कान तापतात.

आमच्याकडे दर घराला देवक असते. कोणाचे झाड, कोणाचे पाखराचे पीस. लग्नात त्याची फांदी मांडवात पुजायची. ज्या दोन घरांचे देवक एक, ती घरे भाऊभाऊ; त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचे देवक उंबर. मुलगी तेल्हाऱ्याची, त्यांचे देवक वड. मोठेबाबांनी स्वतः जाऊन विचारले होते, सुपारीही स्वतःच फोडली होती. शिक्षणापायी माझे लग्न आधीच लांबलेले. लोक म्हणू लागले होते की, या शिकलेल्या रेड्याला आता कोण मुलगी देणार.

लग्नाच्या दिवशी तेल्हाऱ्याला आमच्या बिऱ्हाडी मी हळद लावून, मुंडावळ्या बांधून बसलो होतो. मोठेबाबा मांडवातून आले, हातात फळांसकट एक डहाळी उंबराची आणि एक वडाची. सहज म्हणाले, "सारी झाडं झाली, पन आपल्या उंबराचं घरानं कोनतं, ते तू मले सांगतलंच नाई." आणि मी सांगितले. प्रश्न विचारला, उत्तर दिले. यात माझे काय चुकले, ते मला आजवर कोणी दाखवून दिलेले नाही. मी म्हणालो, "वड, पिंपळ, उंबर, तिन्ही एकाच घरातली. यांची फुले फळाच्या आत असतात, म्हणून दिसत नाहीत."

मोठेबाबांनी दोन्ही डहाळ्या मोडल्या. दोन्हींतून पांढरा चीक आला. पागोट्यातला काटा काढून उंबराचे फळ चिरले, वडाचे चिरले. एक लहान, एक मोठे, पण आतला संसार तोच. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी त्यांना इतके दुःखी फक्त एकदा पाहिले होते, माझे वडील गेले तेव्हा. ते उठले आणि तडक मांडवात गेले. मीही मुंडावळ्या सावरत मागे धावलो.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "लगन होत नाई."

व्याही नव्या कापसाच्या तोऱ्यातला माणूस. "काहून? काय कमी पडलं?"

"कमी नाई, जास्त पडलं. आपन भाऊ निंगालो."

"भाऊ? माहा बाप तेल्हाऱ्याचा, तुमचा अकोटाकडचा. भाऊ कवा झालो?"

"मले बी आताच समजलं. पोराले पुसा. बीए हाय."

साऱ्या मांडवाने माझ्याकडे पाहिले. पदवीधर मनुष्याकडे कोणी असे पाहू नये. मी म्हणालो, हे नुसते समजण्यासाठी असते. माझे कोणी ऐकले नाही. व्याही लाल झाले. "वऱ्हाड दारात आनून मुलीले माघारी फिरोवता काय? मांडवातून उठलेल्या मुलीले मंग कोन करन? तुमचं ते वटवाघूळ?" आतल्या खोलीच्या दाराआड बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. मी तिला अजून पाहिलेही नव्हते. पण बांगड्या थांबल्या तसे माझे पाय त्या दाराकडे वळले.

इतक्यात बायकांतून मोठी माय पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आवो, माह्या माहेरचं देवक काय व्हय, आठोते काय?"

मोठेबाबा काटा पागोट्यात परत खोवू लागले.

"अमरावतीकडचे आमी. पिंपळ. इतके वर्स तुमच्या घरी भाकरी थापून राहिली मी. भावाच्या घरी काय? चाला, गाडी जुपा. पयले मले माहेरी पोचोवा, मंग पोराचं लगन मोडा."

कोणी हसले नाही, कारण मोठेबाबांना सारे ओळखत होते. हा माणूस खरेच गाडी जुंपायचा. ते मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "पिंपळाले बी चीक रायते काय रे?"

"राहतो."

"अन् फळ?"

"तसेच."

या वेळी मी खोटे बोलावे अशी त्यांची फार इच्छा होती, ते मला दिसत होते. पण मी बी.ए. आहे. जन्मात पहिल्यांदा ते शास्त्राकडे मदत मागत होते, आणि शास्त्र माझ्या रूपाने हळद लावून उभे होते. तेव्हा मला आमच्या कॉलेजातले साहेब आठवले. एकदा वर्गात आवाज खाली आणून ते म्हणाले होते की, विलायतेत आता काही जण म्हणू लागले आहेत, एका घराण्यातली सारी झाडे कधीकाळी एकाच पूर्वजापासून फुटली असावीत. मी तेच मोठेबाबांना सांगितले.

त्यांनी मान वर केली. "कवा फुटली?"

"कोणालाच माहीत नाही. फार जुने आहे."

"सात पिढ्या तं गेल्या असतीन?"

"सात हजार गेल्या असतील, मोठेबाबा."

ते उभे राहिले. इतके सरळ उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "मंग अदुगर काहून नाई सांगतलं रे गाढवा! सात पिढ्यायनं सोयर सुटते, सुतक सुटते. इथं तं सात हजार झाल्या." आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाले, "भाऊ व्हय, पन लय जुने. आक्षदा वाटा!" मग मोठ्या मायकडे न पाहता, "अन् ते गाडी-बिडी कोनी जुपू नोका."

सगोत्राला सात पिढ्यांची सूट नसते, हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. कोणी विचारले नव्हते.

लग्न झाले. देवक उठल्यावर वडाची फांदी नदीत सोडायची, ती मोठेबाबांनी मागून घेतली आणि घरी आणून आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, उंबराशेजारी रोवली. लोक धुऱ्यावरची झाडे तोडून सरकी टोबत होते त्या दिवसांत हे. "जुने भाऊ हाय, राहू द्या जवळ," एवढेच म्हणाले. भेंडी त्यांनी त्यानंतर खायला सुरुवात केली, सात हजार पिढ्यांच्या हिशेबाने. पण पहिला घास घेताना किंचित थबकत, ते मी पाहिले आहे. माझी बायको भांडणात आजही मला ऐकवते, "मोठेबाबा म्हनतच होते, होऊ देऊ नोका म्हनून."

अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव बसला. शेंब्या गेल्या. मग मोठेबाबाही गेले. आता मी बराच मान्यवर मनुष्य आहे; लोक मला सभेत पुढे बसवतात, माझे बोलणे झाले की मान हलवतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन अगदी पूर्वीसारखे वागतात. माझ्या बोलण्याने कोणाची पंगत अडत नाही, कोणाचे लग्न मोडत नाही.

धुऱ्यावरचा वड आता चांगलाच वाढला आहे. त्याच्या पारंब्या उंबरात शिरल्या आहेत आणि वाटसरू सावलीला बसतात. परवा एक जण म्हणाला, "मोठं झाड हाय जी." माझा संताप झाला. एक नाही, दोन आहेत! मी माझ्या पागोट्यातला काटा काढला, एक फळ याचे घेतले, एक त्याचे, चिरून त्याला दाखवले, चीक दाखवला, सारे नीट समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "असन जी," म्हणाला, धोतर झटकले आणि चालू लागला.

मी काटा पुसून परत खोवला. दोन्ही फळे तळहातावर तशीच उघडी होती, आणि "समजून मंग पाळाचं नाई, तं समजाचं कायले?" असे विचारणारे कोणी नव्हते.