आपल्या माणसाकडचं टपाल

जपानी येणारी मराठी बाई म्हणून कल्पना खांबेट्यांना दिल्लीजवळच्या मानेसरच्या निम्म्या कारखान्यांत ओळखत. पुण्यात हौसेनं शिकलेली भाषा लग्नानंतर वीस वर्षं अडगळीत पडून होती. मग मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, जपानी यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर जाडजूड माहितीपुस्तकंही. ती इंग्रजीत आणणारं कुणीतरी हवं होतं. पन्नाशीला टेकलेल्या कल्पनाताई त्या कामात अशा शिरल्या, की नाटकाची तिसरी घंटा जणू त्यांच्यासाठीच वाजली होती.

दोन हजार पाच साली त्यांनी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्यायचं ठरवलं. व्हिजिटिंग कार्डावर नाव, मेलच्या पत्त्यातही तेच नाव. त्यांचे यजमान सूर्यकांतराव म्हणाले, "चला, दारावरची पाटी तेवढी माझी राहिली."

आता डोमेन नोंदवायचं आणि मेल ठेवायची कुणाकडे? याचं उत्तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत मिळालं. मंडळाच्या चिटणीस सरलाताई म्हणाल्या, आमचा यशोधन हेच तर करतो. झालं. भाजीवालीला दहा प्रश्न विचारून भेंडी मोडून बघणाऱ्या कल्पनाताईंनी यशोधनला एकही प्रश्न विचारला नाही. दिल्लीत मराठी माणूस भेटल्यावर वर चौकशा करायच्या म्हणजे त्याच्या आईचा अपमान.

यशोधनचा सर्व्हर, म्हणजे मेल साठवणारा कॉम्प्युटर, होता त्याच्याच फ्लॅटच्या मागच्या खोलीत, एका इन्व्हर्टरच्या भरवशावर. दोन हजार सातच्या मे महिन्यात वीज जाऊ लागली, तशी कल्पनाताईंची मेलही. जूनमध्ये एका कारखान्यातून फोन आला. वर्षभराच्या कामाची पहिली फाइल दोनदा पाठवली, दोन्ही वेळा परत आली. सोमवारपर्यंत पोचली नाही तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल. तो दिवस बुधवार होता.

कल्पनाताईंनी वही काढली. मेल सांभाळणाऱ्या तीन कंपन्यांचे नंबर मिळवले आणि मुद्दाम वीज गेलेली असताना फोन लावले. तुमच्याकडे वीज गेली तर काय होतं? आलेली मेल थांबून राहते की परत जाते? जुन्या मेलची दुसरी प्रत कुठे असते? आणि उद्या तुम्हाला सोडलं, तर माझं सगळं टपाल मला नेता येईल का? पहिल्याकडे कुणी उचललंच नाही. दुसरा गोड आवाजात म्हणाला, मॅडम, आमच्याकडे कधीच काही होत नाही. त्यांनी त्याच्या नावावर काट मारली. तिसरीकडे, नोएडाच्या ऑफिसात, ममता नावाची मुलगी होती. तिनं सरळ सांगितलं, की मार्चमध्ये आम्ही चार तास बंद होतो. मेल दुसऱ्या शहरातल्या मशीनवर थांबली होती, एकही हरवली नाही. स्वतःची चूक सांगणारी ही मुलगी कल्पनाताईंना पटली.

मग ममतानं विचारलं, डोमेन कुणाच्या नावावर आहे?

बघितलं, तर यशोधनच्या; नोंदणी त्यानंच केली होती.

स्वतःच्या नावाचा पत्ता, आणि मालक दुसराच. तो 'नाही' म्हणाला तर काम गेलंच, सात कारखान्यांना दिलेला पत्ताही गेला. 'हो' म्हणाला तरी सरलाताई जन्माचा अबोला धरणार.

गुरुवारी सकाळी त्या यशोधनच्या घरी गेल्या. सरलाताईंनी थालीपीठ पुढे ठेवलं, वर लोण्याचा गोळा. शेवटी ताटलीकडे बघतच त्यांनी कारखान्याच्या फोनपासून सगळं सांगून टाकलं.

यशोधननं कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली.

"मावशी, मालकी बदलायचा कोड कुठल्या मेलवर पाठवू? डोमेन तुमच्या नावावर करतो."

"रागावलास का रे?"

"रागावू कशाला? दोन वर्षं झाली, हा सर्व्हरचा डबा सोडून मी कुठे गेलो नाही. लोकांच्या लग्नांना आई एकटी जाते. तुम्ही टपाल दुसरीकडे नेलंत, तर माझ्याकडे मेल ठेवणारे बाकीचे चौघेही नेतील. मीच सांगणार होतो, पण वाटलं, आई म्हणेल, मंडळाची माणसं, नाही कसं म्हणायचं."

"मी कशाला म्हणेन?" सरलाताई म्हणाल्या. "मला वाटायचं, तुलाच आवड आहे."

सरलाताई आणि कल्पनाताई अशा हसत सुटल्या, की यशोधनला आपला पासवर्ड दोनदा टाइप करावा लागला.

दुपारी ममतानं नवी सोय लावली. शनिवारी सकाळी फाइल आली, एकशे चाळीस पानांची. उघडेपर्यंत कल्पनाताई खुर्चीवर टेकल्या नाहीत. पहिल्या पानावर पत्रा दाबणाऱ्या यंत्राचं चित्र दिसलं, तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला.

"तुझाच पत्ता, तुझंच काम, आणि चहा मी करायचा," म्हणत सूर्यकांतराव उठले.

शुक्रवारपर्यंत बाकीचे चौघेही ममताकडे गेले होते; त्याच शनिवारी सकाळी यशोधननं मागच्या खोलीतलं सर्व्हरचं बटण बंद केलं आणि आईला घेऊन तो हरिद्वारच्या बसमध्ये बसला.