ओलं गोणपाट

ओल्या गोणपाटाचा वास आला की नाशिकमधली ती शर्यतीची दुपार आजही अंगावर येते. तेव्हा मी उस्तादांच्या गॅरेजात त्यांच्या हाताखाली कामाला होतो. टर्बो गाडीच्या डिकीत वेग वाढवणाऱ्या नायट्रस गॅसची बाटली मीच बसवली होती, आणि पूजेसाठी डिकी तासभर रणरणत्या उन्हात उघडी राहिली होती. नारळ फुटला, ड्रायव्हरनं हेल्मेट चढवलं आणि माझी नजर बाटलीच्या दाबाच्या काट्यावर गेली, तर तो लाल रेघेच्या पार! टर्बो आधीच इंजिनात हवा कोंबतो. त्यात हा गॅस एवढ्या जोरानं घुसला, तर भर वेगात पिस्टन वितळणार. पण मी लांब नांदेडकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. माझं कोण ऐकणार? तरी ओरडलो, “उस्ताद, गाडी सोडू नका!” ड्रायव्हर हसला, “आता आठवी नापास शिकवणार का आम्हाला?” उस्तादांनी वाकून काटा पाहिला आणि सरळ चावीच काढून घेतली. “नापास असंल, पण काटा वाचतो ना तो! तू वाचला का?” मग भिजवलेलं गोणपाट बाटलीवर टाकून काटा खाली येईपर्यंत आम्ही थांबलो. पहिली फेरी हुकली. आता गॅरेज माझं आहे. पूजा होते, पण डिकी बंद ठेवून, आणि तरीही गाडी सोडण्याआधी उस्तादांना आठवून मी काटा एकदा बघतोच.